नावं कोरून देणारं दुकान, बसस्टँडच्या मागे : पाचपैकी साडेतीन तारे

वैनगंगेकाठच्या आमच्या तालुक्याच्या गावात दगडावर नाव कोरून देणारं एकच दुकान आहे. पाट्या करणाऱ्याच्या या दुकानावर स्वतःची पाटी नाही. बसस्टँडच्या मागे पिठाच्या गिरणीला लागून टिनाचं शेड आहे. बाहेर कडप्पा, शहाबादी आणि काळा ग्रॅनाइट उभा करून ठेवलेला दिसला की समजायचं पोहोचलो. आत कॉम्प्रेसर, एक कॉम्प्युटर आणि फ्लेक्स छापायची मोठी मशीन. मालक तिशीतला पोरगा. त्याचा म्हातारा बाप दाराशी पोत्यावर बसलेला असतो. हाताने छिन्नी चालवणारा त्या घरातला तो शेवटचा.

मी दूध संकलन केंद्रावर फॅट मोजतो. वस्तू घेतली की वजन, माप आणि भाव लिहून ठेवायची सवय आहे, म्हणून आधी तेच सांगतो. बारा बाय अठरा इंचाचा काळा ग्रॅनाइट, जाडी अठरा मिलिमीटर, वजन सात किलोच्या आसपास. चार ओळी, पांढरा रंग भरून, चार स्क्रू आणि त्यावरच्या पितळी टोप्यांसह २,६०० रुपये. हजार आगाऊ दिले. बिल मागितलं तर दिलं, पण मागावं लागलं.

दगड माझ्या काकूचा. तिचं नाव इथे लिहीत नाही, ते दगडावर आहे.

२३ नोव्हेंबर १९९४ ला नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावर आम्हा गोवाऱ्यांचा, म्हणजे विदर्भात गुरं राखणाऱ्या समाजाचा, अनुसूचित जमातीच्या सवलतींसाठी मोर्चा गेला होता. आमच्या गावातून एक ट्रक भरून माणसं गेली. ट्रक ठरवणारा माझा बाप. "एका दिवसाचं काम आहे, संध्याकाळी वापस," असं घरोघरी सांगत फिरला होता. मी बारा वर्षांचा होतो आणि नागपूर पाहायला मिळते म्हणून गेलो. मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटजवळ मोर्चा अडवला होता. दिवसभर बसून राहिलो, भेटायला कोणी मंत्री आला नाही. संध्याकाळी लाठ्या चालल्या आणि चेंगराचेंगरी झाली. ११४ माणसं मेली, त्यात बाया आणि लेकरंच जास्त. मला कोणीतरी काखेत धरून कुंपणावरून पलीकडे फेकलं. कोणी, ते आजवर समजलं नाही. मायच्या हातात काकूचा हात होता, तो सुटला. रस्त्यावरच्या चपला मला अजून दिसतात. त्या दिवसाबद्दल याच्यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही.

काकू ही बापाच्या धाकट्या भावाची बायको. त्या वेळी घर एकच होतं, ओटा एकच, चूलही एकच. तेरवीनंतर काकाने अंगणातून भिंत घातली. नंतरच्या चौकशी आयोगाने कोणालाच दोषी धरलं नाही. मधुकर पिचड मंत्री होते, त्यांनी राजीनामा दिला, तेवढंच. सरकारात कोणी दोषी नाही म्हटल्यावर दोष जाईल कुठे? तो आमच्या अंगणात आला. काकाने तो बापावर ठेवला, बापाने मुकाट घेतला. सतरा वर्षं दोघं भाऊ एका भिंतीच्या दोन बाजूंना राहिले. २०११ मध्ये बाप गेला तेव्हा काका मोक्षधामापर्यंत आला, घरात आला नाही.

दगडाची कल्पना माझ्या भाचीची. ती नागपूरला समाजकार्य शिकते. तिने मोबाईलवर जर्मनीतल्या पितळी विटा दाखवल्या. दहा सेंटिमीटर लांब-रुंद, ज्यू माणसांना नाझींनी ज्या घरातून उचलून नेलं त्या घरासमोरच्या फुटपाथमध्ये बसवलेल्या. गुंटर डेमनिग नावाच्या कलाकाराने १९९० च्या दशकात हे काम सुरू केलं आणि २०२३ पर्यंत एक लाखाच्या वर विटा झाल्या. बहुतेक विटांवर पहिली ओळ एकच असते, 'येथे राहत होते'. मग नाव, जन्मसाल, कुठे नेलं आणि पुढे काय झालं.

मायने चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, "पन हे त पायाखाली आहे वो. नावावर पाय पडते."

भाची हसली. म्युनिक शहरात नेमकं यावरूनच वादळ झालं होतं म्हणे. तिथल्या ज्यू समाजाच्या प्रमुख शार्लोट क्नोब्लोख स्वतः त्या काळातून वाचलेल्या. ज्यांना एकदा तुडवलं त्यांच्या नावावर पुन्हा बूट नकोत असं त्यांचं म्हणणं. म्हणून म्युनिकने आपल्या रस्त्यांवर या विटा बसवू दिल्या नाहीत, २०१८ पासून तिथे भिंतीवर आणि खांबावर पाट्या लागतात. माय म्हणाली, "बाई शहाणी आहे." आमचा दगड भिंतीवर लागणार हे तिथेच ठरलं.

कोणी विचारेल, नागपूरला स्मारक आहे ना? आहे. झिरो माईलच्या भागात गोवारी शहीद स्मारक आहे आणि दरवर्षी २३ नोव्हेंबरला सगळ्या विदर्भातून समाज तिथे येतो. सीताबर्डीच्या, म्हणजे बर्डीच्या, उड्डाणपुलालाही आदिवासी गोवारी शहिदांचं नाव दिलंय. मी स्वतः बरेचदा गेलो आहे, फुलं वाहिली आहेत, आणि ते नसतं तर आम्हाला ११४ हा आकडासुद्धा कोणी मोजू दिला नसता असं मला वाटते. पण आमच्या गावचा माणूस मेडिकल हॉस्पिटलला जाताना "बर्डीच्या पुलावरून गेलो" असंच सांगतो, आणि त्या नावावरून दिवसभर चाकं जातात. माय स्मारकावर दोनदाच गेली. तिसऱ्या वेळी चल म्हटलं तर म्हणाली, "तिथं धाकलीशी बोलताच येत नाही. माइक चालू राहते." धाकली म्हणजे काकू, तिची धाकटी जाऊ.

मोठं स्मारक समाजासाठी असते. तिथे काकू ११४ पैकी एक आहे. घरी ती एकटीच गेली होती.

आता दुकानाकडे येतो. पोराने पहिला प्रश्न विचारला, "दादा, मजकूर काय?" मी सांगितलं, दोन दिवसांनी देतो. लागले नऊ.

आमच्या संघटनेतला एक भाऊ म्हणे, 'आदिवासी गोंड गोवारी शहीद' असंच पाहिजे. त्याचं म्हणणं चूक नाही. सगळा झगडाच त्या दोन शब्दांचा आहे. केंद्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत 'गोंड गोवारी' आहे, नुसता गोवारी नाही. मोर्चा गेला तो गोवारी म्हणजे गोंड गोवारी नव्हे असं सांगणाऱ्या १९८५ च्या शासन निर्णयाविरुद्ध. माणसं मेल्यावर, १९९५ मध्ये, आम्हाला विशेष मागास प्रवर्गात टाकलं. १४ ऑगस्ट २०१८ ला हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने गोवारी हेच गोंड गोवारी असं म्हटलं तेव्हा गावात आमची पूजेची ढाल नाचवली होती. १८ डिसेंबर २०२० ला सुप्रीम कोर्टाने ते रद्द केलं. मग दगडावर काय लिहू? एक लिहिलं तर कोर्टाच्या विरुद्ध, दुसरं लिहिलं तर ज्यासाठी काकू गेली त्याच्या विरुद्ध.

माय या वादात पडलीच नाही. तिचा वाद 'शहीद'शी होता. "शहीद कशाची? ते त लाखोळीची डाळ भिजू घालून गेली होती. आल्यावर वडे करू म्हने. मराले जानारी बाई डाळ भिजू घालते का?"

हे तिने तीस वर्षांत पहिल्यांदा सांगितलं. मग त्या रात्री बाकीचंही निघालं. डाळ तिसऱ्या दिवशी आंबली, ती फेकायची हिंमत कोणात नव्हती, शेवटी मायनेच गाईला घातली. आणि हात. हात कसा सुटला ते. ते मी इथे लिहिणार नाही, पण सुटला म्हणजे तिने सोडला नव्हता. तीस वर्षं ती स्वतःला सोडला असंच सांगत होती. काय लिहायचं हे विचारावं लागलं म्हणून ते बाहेर आलं. हे काम दुकानाच्या दरपत्रकात नाही, पण माझ्या हिशेबाने अर्धा तारा त्याचा आहे.

शेवटी ओळी ठरल्या त्या अशा. वर नाव. खाली 'गोवाऱ्यांच्या घरची'. त्याखाली 'येथे राहत होती'. आणि शेवटची मायची : 'नागपूरला गेली, २३ नोव्हेंबर १९९४'. संघटनेच्या भावाने वाचून विचारलं, गेली म्हणजे काय, मेली की प्रवासाला गेली? माय म्हणाली, दोन्ही.

दर कमी करायचा असेल तर दुकानात एक सोय आहे, ती सांगून ठेवतो. शेडमध्ये मागे रद्द झालेल्या कोनशिलांची थप्पी आहे. उद्घाटनाचा पाहुणा बदलला, तारीख बदलली, पार्टी बदलली की जुना दगड इथेच राहतो. पोरगा म्हणाला, "याची मागची बाजू पॉलिश करून देतो, हजारेक कमी पडतील." दगड चांगला होता, एक इंच जाड, पण पुढच्या बाजूला एका माजी मंत्र्याचं नाव बोटाएवढ्या अक्षरात. मी फोटो काढून घरी पाठवला. मायचा निरोप आला : तिच्या पाठीवर मंत्र्याचं नाव नको. ज्यांना तुळशीवृंदावनाखाली वगैरे बसवायचा आहे त्यांनी जरूर घ्यावा, वस्तू चोख आहे.

दगडांबद्दल पोरगा खरं बोलतो, हे लिहिलं पाहिजे. शहाबादी स्वस्त, पण पापुद्रे सुटतात. कडप्पा दोन पावसाळ्यांत फिका पडतो. पांढऱ्या मार्बलवर शेवाळ धरते. सोनेरी रंग मागितला तर त्याने स्वतःहून सांगितलं, उन्हाची भिंत असेल तर नका भरू, पांढरा भरा, तो पुन्हा भरता येतो. दुसरा सोनेरीचे शंभर रुपये लावून गप्प बसला असता. अक्षर वाळूच्या फवाऱ्याने कोरतात. आधी कॉम्प्युटरवर मजकूर लावून रबरी स्टिकर कापतो, तो दगडावर चिकटवतो आणि उघड्या राहिलेल्या जागेत कॉम्प्रेसरने वाळू मारतो. खोली दोन मिलिमीटर तरी येते. बोट फिरवलं तर अक्षर लागते. मायची नजर कमी झाली आहे, तिला हे फार कामाचं.

आता तक्रार. भाऊबीज झाल्यावर, ४ नोव्हेंबरला काम सांगितलं, मजकूर १३ ला दिला, कबूल तारीख १८. पण ते २०२४ साल, विधानसभेची निवडणूक. दुकान फ्लेक्समध्ये बुडालेलं. सगळ्या पक्षांचे फ्लेक्स एकाच मशीनमधून निघत होते, ओले फ्लेक्स एकमेकांवर वाळत होते. आमचा दगड प्रचार संपल्यावर, १९ ला रात्री मिळाला. २० ला मतदान. सकाळी भाची मत द्यायला गावी आली, दगड पाहिला आणि म्हणाली, "मामा, हे काय?"

दुसरी ओळ 'गोवार्यांच्या घरची' अशी आली होती. ऱ्या पाहिजे तिथे र्या. कॉम्प्युटरमध्ये जुना फॉन्ट, मी पाठवलेला मजकूर मोबाईलवरचा, एकातून दुसऱ्यात टाकताना अर्धा र उडून डोक्यावर रफार बसला. पोराने व्हॉट्सअॅपवर नमुना पाठवला होता आणि मीच अंगठा दाखवून बरोबर म्हटलं होतं. दुधात अर्धा पॉइंट पाणी ओळखणारा मी, आपल्याच जातीच्या नावातली चूक मला दिसली नाही. म्हणून पूर्ण दोष दुकानाला देत नाही. पण पाट्यांचा धंदा करणाऱ्याने वाचून पाहायला पाहिजे होतं. आणि मी गेल्यावर तो जे पहिलं वाक्य बोलला, "दादा, एवढं कोन पाहते?", त्याचा एक तारा कापला आहे.

पोत्यावरचा बाप तेव्हा बोलला. दगड मांडीवर घेऊन त्या अक्षरावर अंगठा फिरवत पोराला म्हणाला, "ज्याचं मानूस आहे तो पाहते." मग मला विचारलं, कोण होती? मी सांगितलं. तो नागपूरच्या मोर्च्याचं नाव ऐकून थोडा वेळ गप्प राहिला आणि पोराला म्हणाला, आजच दुसरा काप. नवीन दगडाचे ७०० मी देत होतो, घेतले नाहीत. उरलेला अर्धा तारा काही मोठ्या कारणाने कापलेला नाही, दुकानात बसायला खुर्ची नाही आणि तीन वेळा उभं राहावं लागलं म्हणून.

दुसरा दगड २२ ला आला, बिनचूक. बसवला २३ ला सकाळी. तीस वर्षं पूर्ण आणि त्याच दिवशी मतमोजणी. गल्लीत प्रत्येक घरी टीव्ही सुरू. मी ओट्यावर ड्रिल मशीन लावून भोकं पाडतोय आणि चौकात फटाके फुटताहेत. गुलालाची एक मिरवणूक घरासमोरून गेली, डीजे लावून. माय दगडावर पदर धरून उभी राहिली, गुलाल उडू नये म्हणून. त्यातल्या दोन-तीन पोरांनी दगड वाचला आणि डीजेवाल्याला हात केला. आमच्या घरापुरता आवाज कमी झाला, पुढे जाऊन वाढला.

काकाला मी आधी विचारलं होतं. दगड खरं तर त्याच्या बाजूच्या भिंतीवर पाहिजे. काकूची खोली आता तिकडे आहे. तो म्हणाला होता, "मले नको. तुमच्या बापानं नेलं, तुम्हीच लावा." म्हणून आमच्या बाजूला लावला. तरी अर्धे पैसे त्याने पाठवले, दारात उभं राहून नातवाच्या हाती.

भाचीने मला रवांडाचंही सांगितलं होतं. १९९४ च्याच वंशसंहाराची गोष्ट, एप्रिल ते जुलै. तिथे मारणारे शेजारीच होते. किगालीच्या दक्षिणेला न्यामाटा गावच्या चर्चमध्ये मेलेल्यांचे कपडे अजून बाकांवर तसेच रचून ठेवलेत. आणि गावोगावी 'गचाचा' नावाच्या पंचायती भरल्या, २०१२ पर्यंत चालल्या. मारणारे आणि वाचलेले समोरासमोर बसले, कोणी काय केलं ते बोलले. सगळे समाधानी झाले असं नाही, खोटंही बोललं गेलं, असं तीच म्हणाली. मी विचार करत होतो, त्यांना निदान समोर बसवायला माणूस होता. आमच्याकडे कागदावर कोणीच नाही. समोर बसवायचं झालं तर दोन भाऊच होते, त्यातला एक गेला.

मतमोजणीच्या संध्याकाळी मिरवणुका थांबल्यावर काका आमच्या ओट्यावर आला. दगड वाचला. पहिली ओळ दोनदा वाचली. मग खाली बसला आणि मायला म्हणाला, "वहिनी, ते डाळीचं मले माहीत नव्हतं." भाचीने सांगितलं असेल. मायने चहा ठेवला. बापाबद्दल तो काही बोलला नाही, मीही विषय काढला नाही. पण कप खाली ठेवताना त्याने विचारलं, तो चुकीचा दगड कुठे आहे?

दुकानाने तो परत मागितला नव्हता, गोठ्यात पोत्याखाली होता. काका तो उचलून घेऊन गेला. म्हटलं, अहो, त्यावर चूक आहे. म्हणाला, "मी कुठं वाचत बसतो. नाव बरोबर आहे ना तिचं?" आठवड्याने तो दगड भिंतीच्या पलीकडे त्याच्या दाराशेजारी लागलेला दिसला. आता एकाच ओट्यावर, भिंतीच्या दोन्ही अंगांना, दोन दगड आहेत आणि दोन्हींवर 'येथे राहत होती' आहे.

जानेवारीत तो पाटीवाला म्हातारा पोराच्या गाडीवर मागे बसून आला. कोणी बोलावलं नव्हतं. पिशवीतून छिन्नी काढून काकाच्या दारात तासभर बसला. वाळूने खोल गेलेला रफार भरून निघत नाही, म्हणून त्याने तो तसाच ठेवून 'या'च्या आधी हाताने अर्धा र कोरला. त्या दगडावर आता र दोनदा आहे. मजुरी विचारली तर दोन कप चहा म्हणाला, दूध जास्त टाकून.

जाणाऱ्यांसाठी : दुकान सकाळी दहाला उघडते, दुपारी एक ते तीन बाप झोपतो तेव्हा कॉम्प्रेसर बंद असतो. नमुना मोबाईलवर पाहू नका, कागदावर छापून मागा आणि घरातल्या दोघांकडून वाचून घ्या. ऱ्या असलेला शब्द असेल तर तो वेगळा लिहून द्या. लग्नसराई आणि निवडणूक सोडून जा. खुर्ची घरून न्या.